गोळी उतरवताना

ब्रॉन्कोस्कोपीच्या खोलीतून नमुन्याच्या दोन बाटल्या बाहेर याव्या लागतात. एकीत फॉर्मालिन असतं, ती पॅथॉलॉजीकडे जाते. दुसरीत साधं सलाईन, ती टीबीच्या कल्चरला. त्या दुपारी एकच बाटली बाहेर आली. गाठीतून सुईने काढलेला सगळा ऐवज फॉर्मालिनमध्ये पडला होता. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, आणि मेलेले जंतू कल्चरमध्ये वाढत नाहीत. ज्या एका प्रश्नासाठी त्या बाईंच्या श्वासनळीत दुर्बीण घातली, त्याच प्रश्नाचं उत्तर आम्ही आपल्या हातांनी बुडवलं होतं.

मीच जाऊन त्यांना सांगितलं. गुंगी नुकती उतरत होती. चूक आमची आहे, परत एकदा करावं लागेल, त्याचे पैसे लागणार नाहीत, एवढं बोलले. त्यांनी विचारलं, "परत रात्रीपासून उपाशी राहायचं का, मॅडम?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून आमच्याकडे सुई आत जायच्या आधी सिस्टर दोन्ही बाटल्या हातात धरून त्यांची नावं मोठ्याने वाचतात.

बाई साताऱ्याकडच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय ३८. वर्षभर कोरडा खोकला, जिना चढताना धाप, संध्याकाळी अंग मोडल्यासारखं. एक्स-रेत छातीच्या मधोमध दोन्ही बाजूंना गोलसर गाठी. आम्ही शिकत होतो तेव्हा सर त्यांना 'बटाटे' म्हणत, आणि इंग्रजी पुस्तकांतही त्यांना बटाट्याचीच उपमा आहे. गाठींच्या खाली दोन्ही फुफ्फुसांत बारीक रवा सांडल्यासारखे ठिपके. आमच्या देशात असा एक्स-रे पाहिला की पहिला शब्द ओठावर येतो टीबी, आणि तो येणं चूक नाही. त्यामुळे बाईंचं टीबीच्या औषधांचं सहा महिन्यांचं एकेटी आधीच एका ठिकाणी पूर्ण झालं होतं. लघवी लाल होणं, जेवण नकोसं होणं, सगळं त्यांनी सोसलं होतं. एक दिवस चुकवला नव्हता. शेवटचा एक्स-रे पहिल्यापेक्षा किंचित जास्तच भरलेला होता.

फुफ्फुसाच्या सारकॉइडोसिसची, आमच्या बोलण्यात नुसत्या 'सारकॉईड'ची, खरी अडचण इथे आहे. दोन्ही आजारांत गाठी येतात, खोकला येतो, वजन उतरतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत पेशींचे सारखेच गोल पुंजके दिसतात, ग्रॅन्युलोमा. पण औषधं मात्र एकमेकांच्या उलट. सारकॉईडला स्टेरॉईड लागतं, कारण तिथे शरीराची संरक्षक फौजच कारण नसताना तळ ठोकून बसलेली असते आणि तिला मागे हटवायचं असतं. टीबीत ती फौज हटवली तर जंतूंना रान मोकळं. टीबी समजून सारकॉईडला एकेटी दिलं तर सहा महिने वाया जातात. सारकॉईड समजून टीबीला नुसतं स्टेरॉईड दिलं तर माणूस जाऊ शकतो. माझ्या मते युरोपातल्या डॉक्टरला हा आजार आपल्यापेक्षा सोपा वाटतो, तो एवढ्याच कारणाने. त्याच्या मागे टीबीची सावली उभी नसते.

दुसऱ्यांदा दोन बाटल्या नीट गेल्या. जीनएक्सपर्टचं उत्तर दोन तासांत आलं, टीबी नाही. कल्चरला मात्र ६ आठवडे थांबायचं होतं. मधल्या काळात पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला खाली बोलावलं. त्यांच्याकडे दोघांनी समोरासमोर बसून एकच काचपट्टी पाहायचा मायक्रोस्कोप आहे. "बघ," त्या म्हणाल्या, "मधे कुठे चोथा नाही." टीबीच्या पुंजक्यात मधला भाग बऱ्याचदा मरून ओल्या चीजसारखा भुसभुशीत झालेला असतो. इथे प्रत्येक पुंजका स्वच्छ, घट्ट, मध्यापर्यंत जिवंत. पाहायला इतकं सुबक होतं ते, की त्यामुळेच एक बाई जिन्यात मध्येच थांबते हे क्षणभर विसरायला झालं.

आता रिपोर्टवर सारकॉइडोसिस असं लिहाल का, मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या. कोणताही जबाबदार पॅथॉलॉजिस्ट तसं सहसा लिहीत नाही. शेवटची ओळ ठरलेली असते: ग्रॅन्युलोमा आहेत, रुग्णाच्या एकंदर चित्राशी ताडून पाहावे. कितीतरी नातेवाईक ती ओळ घेऊन येतात आणि "यांनी नक्की काही सांगितलंच नाही" म्हणून चिडतात. खरं तर ती ओळ प्रामाणिक आहे. या आजाराची एकटी पुरेल अशी कुठलीच तपासणी नाही. पेशी, एक्स-रे, सीटी, रक्त, डोळ्यांची तपासणी, ईसीजी, आणि सपाट राहिलेला मँटू. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या माणसांच्या हातावर टीबीची मँटू टेस्ट फुगून येते. सारकॉईडमध्ये हात बहुधा कोरा राहतो. वर्षानुवर्षं भरल्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंचा हात पाटीसारखा सपाट होता. अशा छोट्या छोट्या साक्षी जुळवत जायचं आणि मग कोणीतरी एकाने नाव लिहायचं.

नावाचीही गोष्टच आहे. १८९९ मध्ये नॉर्वेच्या सेझार बोक यांनी त्वचेवरच्या गाठींचं वर्णन केलं. त्या त्यांना सार्कोमा या कर्करोगासारख्या वाटल्या, पण निरुपद्रवी, म्हणून 'सारकॉईड'. एक वर्ष आधी लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी अशाच आजाराला आपल्या रुग्ण बाईचं, मॉर्टिमर यांचं, नाव दिलं होतं. ते टिकलं नाही. टिकलं ते कर्करोगाची आठवण करून देणारं. रात्री मोबाईलवर शोधून सकाळी रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना नावाचा हा जन्म सांगितला की चेहरा जरा सैल पडतो.

निदान झालं म्हणजे गोळी सुरू, असंही नाही. रत्नागिरीकडचा एक तिशीचा मुलगा आला होता. नडगीवर लालभडक दुखऱ्या गाठी, सुजलेले घोटे, ताप, आणि एक्स-रेत तेच बटाटे. स्वीडनच्या स्वेन लोफग्रेन यांच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. दिसायला सगळ्यांत भयंकर, आणि बरा व्हायला सगळ्यांत चांगला. त्याला मी दुखण्यापुरत्या गोळ्या दिल्या आणि दोन महिन्यांनी बोलावलं. वडील खुर्चीतून उठलेच. "एवढ्या लांबून आणला पोराला, आणि तुम्ही औषधच देत नाही?" स्टेरॉईड लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. न लिहिण्यामागचं कारण समजावण्यात माझा पाऊण तास गेला आणि बाहेरची रांग वाढत गेली. १९९६ मध्ये ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने १४९ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या ५८ जणांचा एक्स-रे पहिल्या सहा महिन्यांत औषधाविना सुधारला होता. हा आकडा मी त्या वडिलांना कागदावर लिहून दिला. दोन महिन्यांनी मुलगा आला तो घोटे उघडे टाकून, साध्या चपलेत. वडील आले नव्हते, आंबे आले होते.

शिक्षिका बाईंचं तसं नव्हतं. फुंकायच्या टेस्टमध्ये फुफ्फुसाची क्षमता ६० टक्क्यांच्या आसपास आणि दर भेटीला आणखी घसरलेली. कल्चर ४२ व्या दिवशी कोरं आलं. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या यजमानांना आत बोलावून 'स्टेरॉईड' हा शब्द उच्चारला. ते म्हणाले, "ते सोडून दुसरं काहीही द्या."

त्यांच्या आत्याने गुडघेदुखीसाठी कुणाकडून तरी वर्षभर पुड्या आणून खाल्ल्या होत्या. पहिल्या आठवड्यात आत्या नाचायला लागली. मग चेहरा सुजला, साखर वाढली, पाठीचा मणका दबला. अशा बेनामी पुड्यांत स्टेरॉईड कुटून घातलेलं सापडतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्यांना तुमची भीती खोटी आहे असं म्हटलं नाही. आत्याला ते कुणी सांगून दिलं नव्हतं, मोजून दिलं नव्हतं आणि कधी थांबवायचं तेही कुणी ठरवलं नव्हतं, एवढंच म्हटलं. आम्ही तिन्ही गोष्टी करणार होतो.

मोजून म्हणजे किती? मी शिकत असताना विचारही न करता ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन लिहिलं जायचं. जास्त दिलं तर जास्त टिकेल, असा समज होता. तो समज चंदीगडच्या पीजीआयने तपासून पाहिला, आणि आपल्याच देशातल्या रुग्णांवर, याचा मला फार आनंद आहे. ८६ रुग्ण, निम्म्यांना ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात, निम्म्यांना २० पासून. २०२३ मध्ये निकाल छापून आला. दीड वर्षाच्या अखेरीस दोन्ही गटांत जवळपास निम्म्या रुग्णांत आजार उलटला होता किंवा औषध पुरं पडलं नव्हतं. ४० चा जास्तीचा फायदा दिसला नाही. बाईंच्या कागदावर मी २० लिहिलं. सकाळी, नाष्ट्यानंतर, एकदम. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल पहाटेपासून चढतं आणि रात्री उतरतं. त्याच्या चालीने चालावं.

पाचव्या दिवशी फोन आला. बाई बोलत होत्या, आणि वाक्य पूर्ण करत होत्या. आधी प्रत्येक वाक्याच्या मध्ये खोकला असायचा. "मॅडम, मी आज वर्गात कविता म्हटली, सबंध."

असा फोन आला की मला अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावी आलेली १९४८ सालची एक बाई आठवते. मेयो क्लिनिकचे फिलिप हेन्च यांना १९२९ मध्ये एका संधिवाताच्या रुग्णाकडून कळलं की कावीळ झाली तेव्हा त्याचे सांधे दुखायचे थांबले. शरीरातच काहीतरी द्रव्य आहे, असं हेन्च यांच्या मनाने घेतलं आणि ते त्याचा माग काढत राहिले. त्याच संस्थेत रसायनतज्ज्ञ एडवर्ड केंडल अॅड्रिनल ग्रंथीतून एकेक संयुग वेगळं करत होते. त्यांतलं 'ई', स्टेरॉईडच ते, वापरून पाहावं अशी नोंद हेन्च यांनी १९४१ मध्येच वहीत केली. पण द्यायला औषध कुठे होतं? बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्या चढत मर्क कंपनीच्या लुईस सॅरेट यांनी ते बनवलं, तेही आधी चिमूटभर. सात वर्षं गेली. १९४८ च्या उन्हाळ्यात २९ वर्षांची एक रुग्ण मेयोत आली. सांधे धरलेले, जेमतेम कूस बदलणारी. एक उपाय फसला तरी ती घरी जायला तयार होईना. २१ सप्टेंबरला तिला 'ई'चं पहिलं इंजेक्शन मिळालं. आठवड्याभरात ती गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली. दोन वर्षांत, १९५० चं नोबेल हेन्च, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना मिळालं.

त्या बाईच्या हट्टाबद्दल मला फार आदर वाटतो. ती घरी गेली असती तर कदाचित त्या वर्षी काहीच झालं नसतं. सारकॉईडपर्यंत हे औषध लगेच पोचलं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधले लुई सिल्ट्झबाख यांनी १९५२ मध्येच १३ रुग्णांवरचा अनुभव छापला. आणि औषध थांबलं की अनेकांत आजार परत डोकं वर काढतो, हेही डॉक्टरांना लवकरच कळून चुकलं.

दुसरा फोन बाईंच्या यजमानांनी केला, रात्री दोन वाजता. घाबरलेला आवाज. "ती स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासतेय. झोपच नाही तीन दिवस. रडते, मग हसते." पहिल्या आठवड्यांत स्टेरॉईड असं करू शकतं. भूकही अशी लागते की माणसाला स्वतःची लाज वाटते. बाई डब्यातली पोळी मधल्या सुट्टीआधीच संपवायच्या आणि हे कुणाला सांगायच्या नाहीत. हे सगळं होऊ शकतं, असं पहिल्या दिवशी सांगायला मी विसरले होते. साखर, हाडं, डोळे, जंतुसंसर्ग, सगळं सांगितलं होतं. मनाचं राहिलं. आता मी ते सगळ्यांत आधी सांगते, आणि घरातल्या माणसाला समोर बसवून सांगते.

तिसऱ्या महिन्यात चेहरा गोल झाला. शाळेतली मुलं म्हणाली, बाई जाड झाल्या. दिवाळीच्या फोटोत त्या सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या.

या आजारात एक सापळा असा आहे की त्यात चांगला डॉक्टरही अडकतो. दुसऱ्या एका रुग्णाचा किस्सा. स्टेरॉईडने हाडं ठिसूळ होतात, म्हणून त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी मनापासून काळजी घेत ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक आणि रोज कॅल्शियम सुरू केलं. इतर कुणालाही योग्यच. पण सारकॉईडच्या गाठीतल्या पेशी स्वतःच ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप तयार करतात, आणि त्यांना थांबवणारा लगाम शरीराच्या हातात नसतो. गृहस्थ आले ते सतत तहानलेले, पोट साफ नाही, बोलताना शब्द विसरत होते. घरच्यांना वाटलं मेंदूत गाठ आहे. रक्तातलं कॅल्शियम पाहिलं आणि कोडं सुटलं. पुड्या बंद, सलाईन सुरू, स्टेरॉईडचा डोस थोडा वर. चार दिवसांत त्यांना नातवाचं नाव आठवलं. सारकॉईडच्या रुग्णाला ड जीवनसत्त्व द्यायचं तर आधी कॅल्शियम मोजा, हे मी भेटेल त्या डॉक्टरला सांगते.

पण माझ्या मनात सगळ्यांत खोल बसलेला किस्सा वारीचा आहे. बार्शीकडचे एक शेतकरी, माळकरी. आठ महिने गोळी घेऊन दम पूर्ण थांबलेला. डोस १० मिलिग्रॅमवर आला होता. आषाढीच्या वारीला आळंदीहून निघाले आणि गोळ्या मुद्दाम घरी ठेवल्या. दम लागत नाही, मग माउलींच्या वाटेवर औषध कशाला, असा त्यांचा सरळ विचार. बरं वाटत होतं, म्हणूनच धोका होता. बाहेरून इतके महिने स्टेरॉईड मिळालं की अॅड्रिनल ग्रंथी आपलं काम सोडून निजतात. शरीर रोज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं कॉर्टिसोल स्वतः बनवतं. ते बनेनासं झालेलं, आणि वरून येणारंही थांबलं. माळशिरसच्या आसपास त्यांना उलट्या सुरू झाल्या, पाय उचलेनात, रक्तदाब पडला. उन्हाचा त्रास समजून सलाईन लावलं, फरक पडला नाही. वारीतल्या वैद्यकीय पथकातल्या एका तरुण डॉक्टरने त्यांची पिशवी उपसली. बुक्क्याच्या डबीखाली माझी जुनी चिठ्ठी घडी घालून ठेवली होती. त्याने ती वाचली आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. तासाभरात आजोबा उठून बसले.

त्या तरुण डॉक्टरने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज थरथरत होता. माझाही थरथरत असावा. गोळी अचानक थांबवू नका, हे मी आजोबांना सांगितलं होतं. पण का, ते सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी प्रत्येकाला एक जाड कार्ड देते. वर मराठीत मोठ्या अक्षरांत: हा रुग्ण स्टेरॉईडवर आहे, अचानक बंद करू नये.

गोळी चढवणं सोपं असतं. उतरवणं हे खरं काम, आणि ते कुणाला दिसत नाही. २० वरून १५, १५ वरून १०. बाईंचा खोकला १० वर परत आला. एक्स-रे तसाच, फुंकायची टेस्ट जराशी खाली. मी १५ वर नेलं आणि सोबत आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट जोडली. 'एकदाच' हा शब्द मी चिठ्ठीवर तीनदा लिहिते आणि वार ठरवून देते, कारण ही गोळी कुणी रोज घेतली तर जिवावर बेतते. बाईंनी गुरुवार निवडला. २०२५ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी १३८ रुग्णांवर दाखवलं की फुफ्फुसाच्या सारकॉईडमध्ये सुरुवातच मेथोट्रेक्सेटने केली तरी २४ आठवड्यांनंतर फुफ्फुसाची क्षमता प्रेडनिसोनइतकीच सुधारते. ७० वर्षांहून जास्त काळ पहिली गोळी स्टेरॉईडचीच राहिली, तिच्या जागेवर आता दुसरा दावेदार उभा आहे. बाई थोड्या उशिरा आजारी पडत्या तर कदाचित तो गोल चेहरा त्यांना टाळता आला असता. तसं मी त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी जे होतं ते मला मिळालं."

साडेसात, पाच, अडीच. शेवटच्या टप्प्यात सकाळी आठ वाजता रक्त घेऊन कॉर्टिसोल मोजलं. ग्रंथी जागी होत होती.

शेवटच्या भेटीला बाई एकट्याच आल्या. दोन्ही एक्स-रे मी व्ह्यूबॉक्सवर शेजारी शेजारी लावले. बटाटे नव्हते. उजवीकडे खाली दोन-तीन पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या, त्या जाणार नव्हत्या. त्यांनी पर्समधून उरलेल्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि बोटाने माझ्याकडे सरकवली.

"उद्या सकाळी काय घ्यायचं?"

"काही नाही. नाष्टा करा."

त्या हसल्या. मग मी पट्टी परत त्यांच्याकडे सरकवली. "ही मात्र वर्षभर घरात असू द्या. मोठा ताप आला, उलट्या झाल्या, ऑपरेशन निघालं, तर आधी मला फोन. आणि कार्ड पर्समधून काढायचं नाही."

त्यांनी कार्ड दाखवलं. घामाने कडा मऊ पडल्या होत्या, म्हणून मी ड्रॉवरमधून नवीन काढून त्यावर तारीख लिहिली.